अर्धा तलाव फुलचूरला

घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवलेल्या घमेल्यातलं पाणी कालपासून आजपर्यंत तांदळाच्या एका दाण्याइतकं उतरलं होतं. दाणा उभा धरला तर जेवढी उंची भरते, तेवढंच. घमेल्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने ओढलेली रेघ कोरडी पडली होती आणि तिच्याखाली पाण्याची कड स्वच्छ दिसत होती. पायरीखाली रोवलेल्या बांबूवर मात्र तलावाचं पाणी तेवढ्याच वेळात तीन बोटं उतरलं होतं. ऊन दोन्हीकडे सारखं होतं, वाराही सारखा. उलट उथळ घमेलं लवकर तापतं, म्हणून उडून जायची घाई त्यातल्या पाण्याला जास्त असायला हवी होती. आकाशाने घमेल्यातून एक दाणा न्यावा आणि तलावातून तीन बोटं, असा दुजाभाव आकाश सहसा करत नाही.

रुचिकाने हे तलाव बचाव समितीच्या सभेत सांगितलं. ती सालईटोल्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवायची, गोंदियाजवळच्या फुलचूरहून रोज स्कूटीने यायची आणि समितीत 'तज्ज्ञ सदस्य' होती. समितीच्या पहिल्या बॅनरवर उजव्या कोपऱ्यात एका फोटोची जागा रिकामी राहिली होती. तिथे तज्ज्ञ शोभेल असं ठरलं आणि तज्ज्ञ म्हणून तिला घेतलं गेलं.

"पाणी वर जात नाहीये," ती म्हणाली. "खाली जातंय. तळातून."

उपाध्यक्ष केवळरामजींनी पानाची पिंक खिडकीबाहेर सोडून दिली. त्यांची शेती तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच खालच्या अंगाला होती, त्यामुळे पाण्याच्या विषयात त्यांचा शब्द जड मानला जाई.

"मॅडम, घमेल्यातलं पानी बकरी पेली असन."

"बकरी प्याली असती तर घमेल्यातलं पाणी जास्त उतरलं असतं, काका. ते कमी उतरलंय. मुद्दा तोच आहे."

केवळरामजी विचारात पडले. "बराबर आहे. समोर येवढा तलाव असताना बकरी घमेल्यातलं कायले पिन? तलावातलंच पेली असन."

"तीन बोटं?"

"गावात बकऱ्या का कमी आहेत?"

सभेत हशा झाला. अध्यक्ष योगराजभाऊंनी हात वर करून शांतता केली. योगराजभाऊ धानाचे व्यापारी होते आणि दोन वर्षांपासून फुलचूरला प्लॉट पाडून विकत होते. गोंदियात उठबस वाढल्यापासून ते सभेत हिंदी मिसळून बोलत. घरी आणि रागात झाडीबोली.

"देखो भाई, हा विज्ञानाचा विषय आहे, मजाक नहीं," ते म्हणाले. "मॅडमच्या प्रयोगाला समितीचं पूरा समर्थन आहे. प्रयोग बकरीपासून सुरक्षित झाला पाहिजे."

तसा ठराव झाला. दुसऱ्या आठवड्यात घमेल्याभोवती लोखंडी जाळी बसली आणि जाळीवर एक पाटी आली: 'वैज्ञानिक प्रयोग सुरू आहे. सौजन्य: योगराजभाऊ मित्रपरिवार.' प्रयोगातून काय निघालं, हे पाटीवर नव्हतं आणि ठरावातही नव्हतं. तो विषय पुढच्या सभेवर गेला.

सभेत एकच बाई हसली नव्हती. सुशीलाबाई. ढिवर मोहल्ल्यातल्या बायांच्या मच्छी गटाची ती प्रमुख. तलावात मासे पाळायचा हक्क आजवर पुरुषांच्या संस्थेकडे होता. संस्थेत दोन तट पडून वर्षभर फक्त भांडणं पिकली, तेव्हा ग्रामसभेने एका हंगामासाठी तलाव बायांच्या गटाला दिला. पावसाळ्यात बायांनी रोहू, कतला आणि मिरगलचं बीज सोडलं. आता मासे तळहाताएवढे झाले होते. होळीपर्यंत पाणी टिकलं तर ते विकण्याजोगे होणार होते आणि तलाव गटाकडे राहणार होता. नाही टिकलं तर तलाव परत पुरुषांकडे जाणार होता. पानठेल्यावर पुरुष त्याचीच वाट पाहत बसलेले असत. बायांच्या हाताने मासा वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं करून दाखवायला त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं. समिती त्यांच्यासाठी ते करत होती.

"भाऊ, हसा तुमी," सभा उठताना सुशीलाबाई म्हणाली. "पन पानी कोठी जाऊन राहिलं तेवढं सांगा. मासे मले पुसत नाईत, बाया पुसतेत."

"होईन, सुशीलाबाई. देखेंगे," योगराजभाऊ म्हणाले.

पाणी कुठे चाललं होतं ते खरं तर सगळ्यांना ठाऊक होतं. ते गड्ड्यातून चाललं होतं. आणि गड्डा सगळ्यांनी टाळ्या वाजवून खणला होता.

सालईटोल्याचा मोठा तलाव मालगुजारांच्या काळातला. जुन्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून पाळ घातली, तळाशी वर्षानुवर्षं काळा चिकण गाळ साचत गेला, आणि उन्हाळ्यात म्हशी आणि हेले, म्हणजे रेडे, त्यात लोळून लोळून तो तुडवत राहिले. अशी तुडवलेली चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही. हे समजायला विज्ञान शिकावं लागत नाही. गावातला प्रत्येक धानवाला रोवणीआधी आपली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, चिखलून घेतो ते याचसाठी. चिखल नीट झाला नाही तर पाणी जिरतं, हे इथलं शाळेत न जाणारं पोरही सांगेल.

पण बांधी स्वतःची असते आणि तलाव गावाचा.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी समितीने पहिला ठराव केला तो म्हशींविरुद्ध. म्हशींमुळे तलाव घाण दिसतो आणि फोटोत म्हशी येतात, अशी सचिव प्रफुलची तक्रार होती. प्रफुलचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. समितीचे बॅनर, फोटो आणि मोबाइलवरचा गट तोच सांभाळायचा. 'जनावरे तलावात उतरवण्यास सक्त मनाई' अशी पाटी लागली. म्हशीवाल्या टेकचंदने विचारलं, "मंग मशी धुवाच्या कोठी?" त्याला सांगण्यात आलं की पर्यावरणासाठी प्रत्येकाने थोडा त्याग करावा लागतो. त्याग टेकचंदच्या वाट्याला आला.

मग गाळ काढायचा कार्यक्रम झाला. त्यासाठी मोठी खोदाई मशीन आणली, मंडप घातला, पाहुणे बोलावले. पाहुण्यांना मशीन चालताना पाहायची होती, म्हणून ती मंडपासमोरच लावली. मंडपासमोर ऊनही चांगलं होतं, फोटो स्वच्छ येत होते. पहिल्या दिवशी पाहुणे उशिरा आले, तोवर मशीन तिथेच खणत राहिली. दुसऱ्या दिवशी दुसरे पाहुणे आले, त्यांच्यासाठी पुन्हा तिथेच. तलावभर हातभर गाळ काढायचा होता. त्याऐवजी मंडपासमोर माणूस बुडेल असा गड्डा झाला आणि बाकीचा तलाव होता तसाच राहिला. गड्ड्याच्या तळातून काळी माती संपून पिवळा मुरूम वर आला तेव्हा टाळ्या वाजल्या.

"असली जमीन लागली," योगराजभाऊंनी माइकवर जाहीर केलं. "अब तो पक्का काम हो गया."

त्या दिवशी रुचिका मंडपात, तिसऱ्या रांगेत होती. तिने शेजारच्या केवळरामजींना सांगितलं की मुरमातून पाणी गाळणीतून जावं तसं जातं. केवळरामजी म्हणाले, "मॅडम, आता नारळ फुटला. नारळ फुटल्यावर अशी गोष्ट बोलू नये."

गाळ शेतकऱ्यांना फुकट वाटायचा होता. तसा तो वाटलाही, ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता त्याला. ट्रॉल्या भरभरून गाळ बांध्यांमध्ये पडला आणि यंदा धान हिरवागार आला. पण गड्ड्यातला सगळ्यात चांगला, सगळ्यात चिकण गाळ कुठे गेला याची चर्चा समितीत कधी झाली नाही. तो योगराजभाऊंच्या फुलचूरच्या लेआउटवर गेला होता. तिथले प्लॉट सखल होते, पावसात पाणी साचायचं. त्यांची उंची वाढवायला मातीचा मोठा ढीग आणून टाकला होता, तो अजून पसरायचा होता. रुचिका रोज त्याच्या बाजूने जायची. पावसाळ्यात ढिगावर देवधान उगवलं, तेच जंगली धान जे एरवी तलावाच्या कडेला आपोआप उगवतं. फुलचूरच्या रस्त्यावर, प्लॉट नंबरच्या खांबाला टेकून, तलावाचं देवधान लोंब्या टाकून उभं होतं. ढिगात जागोजागी शिंपले पांढरे दिसत. ज्यांनी प्लॉट घेतले होते त्यांची लहान मुलं ते वेचून घरी नेत असत.

हे सालईटोल्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि सभेत कोणालाही माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर सभा वाढल्या. तलाव जसा उतरत गेला तसे ठराव चढत गेले. एका सभेत पाणी कमी होण्याचं कारण हवामानबदल ठरलं. जगभर होऊन राहिलं, त्यात सालईटोला एकटा काय करणार, असं केवळरामजी म्हणाले आणि जग आपल्याइतकंच बेजबाबदार आहे हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्या सभेत अभ्यासासाठी उपसमिती नेमली. उपसमितीत तेच लोक होते, फक्त खुर्च्या वेगळ्या मांडल्या होत्या. तिसऱ्या सभेत तलावात फवारा बसवायचं ठरलं.

"फवारा कायले?" सुशीलाबाईने विचारलं.

"पाण्यात हवा मिसळते. माशांसाठीच आहे, बाई," प्रफुल म्हणाला.

"माश्याले हवा नाई पायजे, गा. पानी पायजे. हवा तं तुमी सभेत देऊनच राहिले."

प्रफुल हसला. त्याला वाईट वाटलं नाही. त्याला फवाऱ्याचा फोटो कोणत्या बाजूने घ्यायचा हा प्रश्न पडला होता.

रुचिकाने प्रत्येक सभेत एकच गोष्ट मांडली. गड्ड्याभोवती मातीचा बांध घालायचा, म्हणजे तो बाकीच्या तलावापासून तुटेल. बायांनी जाळं टाकून गड्ड्यातले मासे पाळीजवळच्या जुन्या खोल भागात सोडायचे, तिथे तळाला अजून काळी माती शाबूत आहे. मग गड्ड्यात चिकण गाळ परत भरायचा आणि त्यावर हेले फिरवायचे, बांधी चिखलतात तसे. तिने हे सोप्या भाषेत, आवाज न चढवता सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. कोणाला त्यात चूक सापडत नव्हती, हीच अडचण होती. चूक असती तर तो विषय निकाली निघाला असता.

"गाळ आनाचा कोठून?" केवळरामजींनी एकदा विचारलं.

प्रश्न साधा होता. पण ज्यांच्या बांधीत गाळ पडला होता ते आपापल्या चपलांकडे पाहू लागले. योगराजभाऊंनी पंख्याकडे पाहिलं.

"यंदा धान बरा झाला," कोणीतरी पुटपुटलं. "बांधी आता उकरली तं पुढच्या साली काय?"

"बांध्यांतला नको," रुचिका म्हणाली. "तो पसरला, धानाच्या मुळांत गेला. तो परत येत नाही. न पसरलेला गाळ लागेल. एकाच जागी ढीग असेल तर उत्तम."

आता सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"विषय गंभीर आहे," योगराजभाऊ म्हणाले. "जल्दबाजी में नहीं. अगली मीटिंग में."

असं तीन-चार वेळा झालं. तेवढ्यात एका संस्थेने जिल्ह्यातल्या आदर्श तलावासाठी पुरस्कार जाहीर केला आणि सालईटोल्याचं नाव पहिल्या काहींमध्ये आलं. नाव कोणी पाठवलं ते प्रफुलला माहीत होतं. त्याने पाठवलेले फोटो श्रावणातले होते, तलाव काठोकाठ भरलेला, घाटावर समितीचे सगळे पांढऱ्या कपड्यांत जलपूजन करताना. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, संपली की परीक्षक प्रत्यक्ष पाहायला येणार होते. आणि तलाव आता असा झाला होता की कडेने भेगाळ चिखल, मधे गड्ड्याभोवती पाणी, आणि पाण्याभोवती बगळे. बगळे ओळीने उभे असत. त्यांच्या समितीत एकमत होतं.

उतरणारं पाणी सगळ्यात खोल जागी गोळा होतं, त्यामुळे बहुतेक मासेही गड्ड्यातच होते. म्हणजे जिथून पाणी जात होतं तिथेच. सुशीलाबाई रोज सकाळी घाटावर येऊन उभी राहायची. बगळ्याने मान खाली केली की तिची मान आपोआप वळायची.

"भरना है तो भरेंगे," योगराजभाऊ सभेत म्हणाले. "परीक्षक येईपर्यंत मोटारी लावा. केवळरामजी, आपके बोअर में पानी बहुत है."

केवळरामजींच्या दोन बोअरवेलचे पाइप पाळीवरून तलावात सोडण्यात आले. त्याचंही पूजन झालं. शेतीची वीज येईल तेवढा वेळ मोटारी चालायच्या. पाणी गड्ड्यात पडताना छान आवाज यायचा आणि तलाव थोडा वर आल्यासारखा वाटायचा. सकाळी बांबूवर पुन्हा तेवढाच, कधी थोडा कमी.

याच दिवसांत केवळरामजींचा धान कापून झाला होता. कापलेला धान ते बांधीतच कडपा, म्हणजे मुठीमुठींच्या ओळी, पसरून वाळवत होते, सगळेच वाळवतात तसा. एका सकाळी त्यांनी पाहिलं तर कडपांखालची जमीन ओली होती. दुसऱ्या दिवशी टाच बुडाली. शेजारच्या बांधीवाल्याने पाणी सोडलं असं समजून त्यांनी त्याच्या सात पिढ्यांची नावं घेतली. शेजारी म्हणाला, "काका, माहा धान घरी गेला. मी पानी कायले सोडू?" मग केवळरामजी बांधावर बसून राहिले आणि पाणी कुठून येतं ते पाहू लागले. ते पाळीच्या पायथ्यातून, गवतातून, झऱ्यासारखं पाझरत होतं.

ते रुचिकाकडे कॉलेजात आले. वर्गाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत.

"मॅडम, एक गोष्ट पुसाची होती. मोटर बंद झाली का थोड्या वेळानं ओल कमी होते. चालू झाली का वाढते. वीज गेली त्या दिवशी तं बांधी वाळलीच होती. हे कसं होऊन राहिलं?"

"तुमच्या बोअरचं पाणी तलावात पडतं. तलावाचं पाणी गड्ड्यातून खाली जातं. पाळीखालून ते तुमच्या बांधीत निघतं."

केवळरामजींनी हे मनातल्या मनात एकदा फिरवून पाहिलं. "म्हंजे माही मोटर माहाच धान बुडवून राहिली?"

"हो."

"विजेचं बिल भरून?"

"तेही."

केवळरामजी जायला वळले आणि पुन्हा फिरले. मग म्हणाले, "बकरीचं तुमाले लागलं का, मॅडम?"

"नाही."

"मले लागलं," केवळरामजी म्हणाले आणि निघून गेले.

परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी समितीची सभा घाटावरच झाली. कारण सजावटही पाहायची होती. घाटाच्या कठड्याला रंग दिला होता. फवारा टेकूवर उभा केला होता, कारण त्याच्याखाली पाणी नव्हतं. समोर बॅनरवर योगराजभाऊंचा मोठा फोटो होता, खाली लिहिलं होतं: 'आपला तलाव, आपली जबाबदारी.' बकरीरोधक जाळीतलं घमेलं मात्र भरलेलं होतं. सगळ्या आवारात काठोकाठ भरलेलं तेवढंच होतं.

प्रफुलने उद्याचा कार्यक्रम समजावून सांगितला. परीक्षकांना पाळीवरून न्यायचं नाही, मागच्या बाजूने घाटावर आणायचं, इथून गड्ड्यातलं पाणी थोडं जास्त दिसतं. विचारलं तर सांगायचं, पक्षी उतरावेत म्हणून पाणी मुद्दाम कमी ठेवलंय.

"बगळ्यांसाठी," एक सदस्य म्हणाला.

"पक्ष्यांसाठी," प्रफुलने दुरुस्त केलं. "आणि सुशीलाबाई, महिला सहभागाला वेगळे गुण आहेत. तुमच्या गटाने घाटावर उभं राहायचं. हिरव्या साड्या, हातात जाळं. परीक्षकांना तलाव तुम्हीच दाखवा. आम्ही मागे राहू."

सुशीलाबाई पायरीवर बसली होती. "सगळं मीच दाखवू?"

"हो. महिला नेतृत्व."

"बरं. मंग दाखवतो." तिने पदर खोचला. "घाट दाखवतो. रंग दाखवतो. फवारा दाखवतो, बकरीची जाळी दाखवतो. गड्डा दाखवतो, मासे दाखवतो, बगळ्यानं ठेवले असन तेवढे. मंग सायबांले गाडीत बसवतो अन् फुलचूरले नेतो."

योगराजभाऊ हसत होते, ते थोडं कमी झालं. "फुलचूरले कायले?"

"अर्धा तलाव तेथी आहे न जी. तलाव पुरा दाखवा लागन. अर्धा दाखवून गुन कसे मागाचे?"

कोणी हसलं नाही. इथे पंखा नव्हता, म्हणून सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं.

"सुशीलाबाई," योगराजभाऊ हळू आवाजात म्हणाले, "राजनीती नका करू. गावाच्या इज्जतीचा सवाल है."

"मी कायची राजनीती करू, भाऊ? मले तं मासे जगवाचे आहेत. होळीपर्यंत. मंग तुमी तलावात प्लॉट पाडा."

रुचिकाने पर्स उघडली आणि एक शिंपला घाटावर मांडलेल्या टेबलावर, उद्याच्या स्वागताच्या हारांच्या शेजारी ठेवला. आतून निळसर, बाहेरून अजून काळ्या मातीने माखलेला. "आज सकाळी घेतला. प्लॉट नंबर अकराच्या कोपऱ्यावर," ती म्हणाली. एवढंच.

"शिंपले कोठीही भेटतेत," योगराजभाऊ म्हणाले. "गोंदियात का शिंपले नाईत? उपसमिती बसवू. मातीची तपासणी करू. देखो, प्रोसेस से चलना चाहिए..."

केवळरामजींनी शर्टाच्या खिशातून धानाची एक लोंबी काढली आणि शिंपल्याच्या बाजूला ठेवली. लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, नखाएवढे, सरळ.

"माही तपासनी झाली, भाऊ," ते म्हणाले. "माह्या धानाले कोंब आले. वाळत टाकला होता, उगवून राहिला. उद्या सायेब फुलचूरले जातीन तं मी गाडी चालवतो."

"तुमीही?" योगराजभाऊंनी विचारलं.

"मी पयले."

प्रफुलने मोबाइल खाली केला. बाकीचे सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. कोणी योगराजभाऊंच्या बाजूने बोललं नाही आणि विरुद्धही नाही. आता ते बोलणं गरजेचं राहिलं नव्हतं. खाली गड्ड्यात एका बगळ्याने मान घातली आणि वर काढली तेव्हा चोचीत काहीतरी चमकलं. सुशीलाबाई उठून उभी राहिली. ती योगराजभाऊंकडे वळली आणि थांबली.

योगराजभाऊंनी आधी शिंपल्याकडे पाहिलं. मग लोंबीकडे. मग समोरच्या बॅनरवर हात जोडून हसणाऱ्या स्वतःकडे. थोडा वेळ असं वाटलं की ते पुढच्या सभेचा दिवस सांगतील.

"भाऊ," प्रफुलने हळूच विचारलं, "याले 'गाळ वापसी अभियान' म्हटलं तं? बॅनर संध्याकाळपर्यंत होऊन जाईन."

"बॅनर चुलीत घाल," योगराजभाऊ म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. पुढचं बोलताना त्यांच्या तोंडात हिंदीचा एक शब्द आला नाही. "फुलचूरचा ढीग माहा आहे. गाळ आपल्या तलावाचा आहे. आत्ता ट्रॅक्टर लावा, पुरा परत आना. अन् टेकचंदले निरोप द्या, हेले घेऊन ये म्हना, तलावात उतरवाचे आहेत."